गाडीतलं विजेचं ग्रिल आणि धुरी: आपापले अनुभव इथं टाका

गोदाकाठ
परवा पैठण रस्त्याला कुणाच्या तरी शेतात हुरड्याची आगटी लागली होती. गोवऱ्यांचा तो वास काचेतून आत आला आणि गाडीत मागं ठेवलेलं विजेचं ग्रिल एकदम पाहुणं वाटायला लागलं. तरी हा धागा त्याच पाहुण्यासाठी: विजेच्या कॉइलवर भाजतं आणि आत मूठभर लाकूड धुमसवून धुरी देतं, ते यंत्र. हल्ली म्हैसमाळ, वेरूळ, नळदुर्ग, येलदरी, जिकडं बघावं तिकडं कॅराव्हॅन नाहीतर सीटा काढलेली ट्रॅव्हलर उभी. आकड्यांसकट लिहा. "लई भारी लागतं" एवढ्यावर भाकरी मिळणार नाही.

सुरुवात करतो. यंत्राच्या पाठीवरची पट्टी आधी वाचा. बहुतेक ग्रिल-स्मोकर १५०० ते १७५० वॅटचे. २३० व्होल्टला साडेसहा ते साडेसात अँपियर. म्हणजे ६ अँपियरच्या बारक्या पिनेचा विषय संपला, १६ अँपियरचाच सॉकेट पाहिजे. अमेरिकेहून कुणी १२० व्होल्टचं आणून दिलं असेल तर थेट लावू नका. व्होल्टेज दुप्पट झालं की वॅट जवळजवळ चौपट होतात, पहिल्याच झटक्यात कॉइल जाते.

वायरमन
ढाब्यावरून, शेतातून वायर ओढता ना, तिथंच मार खाता. ०.७५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) वायर आणि तीही रिळावर गुंडाळलेली. तापते, आतल्या आत चिकटून बसते. २.५ स्क्वेअर, तीन कोअर, तांब्याची घ्या आणि पूर्ण उलगडा. २५ मीटरला दोन-अडीच व्होल्ट पडतात, बारक्या वायरीत आठ-नऊ.

पण खरं दुखणं डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर असतंय. शेतातल्या पाण्याच्या मोटारी चालू असल्या की लाइनीच्या टोकाला १८० व्होल्ट. वॅट व्होल्टेजच्या वर्गानं उतरतात, म्हणून १५०० चं ग्रिल ९०० च्या आसपास येतं. मग लोक म्हणणार यंत्र बोगस. आधी मल्टिमीटर लावा.

उस्मानाबादी शेळी
मग मोटारी बंद व्हायची वाट बघायची का

वायरमन
हो. नाहीतर दर पाच मिनिटाला झाकण उघडून बघायचं बंद करा, तेवढ्यानं पण फरक पडतो.
आणि तारेवर आकडा टाकून कुणी चालवत असेल तर त्यानं ह्या धाग्यावर बोलू नये.

सौरअण्णा
डीपीच नसलेल्या जागेचं बोला की. १२.८ व्होल्ट १०० एएचची (अँपियर-तासाची) लिथियम बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास. इन्व्हर्टर दहा टक्के खातो, उरले ११५०. पूर्ण १५०० वर ग्रिल चाललं तर ४५ मिनिटं. कागदावर. प्रत्यक्षात बॅटरीतून १३० अँपियर ओढले जातात आणि बऱ्याच १०० एएचच्या बॅटऱ्यांचं बीएमएस (आतलं संरक्षणाचं सर्किट) १०० अँपियरलाच तोडतं. म्हणून दोन बॅटऱ्या समांतर जोडा नाहीतर सरळ २४ व्होल्टची सिस्टिम करा, करंट निम्मा होतो. १२ व्होल्टच ठेवणार असाल तर केबल निदान ३५ स्क्वेअर, आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. इन्व्हर्टरपाशी बसवलेला फ्यूज मधली केबल वाचवत नाही.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर १५० एएच बॅटरी आणून उपयोग नाही. एवढ्या करंटला तिचं व्होल्टेज बसतं आणि इन्व्हर्टर ओरडायला लागतो. घरचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर तर विसराच.

धुरीचं गणित मात्र स्वस्त आहे. एकदा ११० डिग्री गाठली की कॉइल चालू-बंद होत राहते, सरासरी साधारण एक तृतीयांश वेळ. तीन तासाला दीड युनिट धरा. छतावर ४०० वॅटचं पॅनल असेल तर आपल्याकडच्या उन्हात दिवसाला तेवढं परत येतं.

गोदाकाठ
अण्णा, वारा? उघड्या माळावर हे एक तृतीयांश टिकत नाही.

सौरअण्णा
टिकत नाही. डिसेंबरात माळावर निम्मा वेळ धरा. ग्रिलची पाठ वाऱ्याला करायची, गाडीच्या आडोशाला. पण धूर दारातून आत जाणार नाही असं.

येसर-भाकर
लाकडावर कुणीच बोलंना. एमआयडीसीत बॉयलरसाठी ब्रिकेट नि पेलेट मिळतात, त्या स्वस्त दिसतात म्हणून भरू नका. त्यात सोयाबीनचा भुसा, कपाशीच्या पऱ्हाट्या, चिपाड, माती, फवारणीचं उरलंसुरलं, सगळं असतं. खाण्याच्या धुरीच्या वेगळ्या येतात, निव्वळ कठीण लाकडाच्या.

त्या नसतील तर मोसंबी, आंबा, पेरू, बोर. साल काढायची, अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे, सहा महिने वाळलेले. केसर आंब्याच्या बागेतली छाटणी उत्तम, पण औषध मारलेली नको. बाभूळ उग्र, मुठीत चौथा हिस्सा. कडुनिंबानं कडू होतं. कण्हेर विषारी, तिच्या काड्या टोचायलाही घ्यायच्या नाहीत. रंगाच्या आणि प्लायच्या फळ्यांचं सांगायची गरज नसावी.

भिजवू पण नका. पाणी उडेपर्यंत नुसती वाफ निघते, पांढरी, लोकांना वाटतं धूर आला. चांगला धूर पातळ निळसर असतो. पांढराफटक, दाट येत असेल तर हवा कमी पडतीय, झरोका उघडा, नाहीतर मटणाला काजळीची चव येते.

बदनापूरकर
मोसंबीचं लाकूड म्हणालात... २०१२-१३ ला आमच्याकडं बागाच्या बागा वाळल्या. तेव्हा ते चुलीत गेलं. असो.

येसर-भाकर
हो भाऊ.

माहेर लातूर
कुकर लावून लिहिते, चुका पोटात घ्या. चिकन तंगडी: किलोला १२ ते १५ ग्रॅम मीठ, रात्रभर फ्रिजात उघडंच, म्हणजे कातडी कोरडी होते. ओल्या कातडीवर धूर आंबट बसतो. ११० वर दीड-दोन तास, हाडाजवळ ७४ डिग्री आली की झालं. मग झाकण उघडून २३० डिग्रीवर पाच मिनिटं. येसर किंवा काळा मसाला शेवटच्या दहा मिनिटांत लावा, आधी लावला तर करपतो. एप्रिल-मेमध्ये मुरवलेलं मांस बाहेर तासापेक्षा जास्त ठेवू नका.

बोकडाची दीड किलोची मांडी पाच तास मागते. ६५-७० ला थर्मामीटरचा काटा अडकून बसतो, घाबरू नका, पाणी उडून मांस थंड होत असतं. फॉइलमध्ये गुंडाळा, ९० च्या पुढं न्या. बॅटरी एवढी नसेल तर आधी गॅसवर तीन शिट्ट्या आणि मग ४० मिनिटं धुरी.

उस्मानाबादी शेळी
तीन शिट्ट्या म्हणजे फसवणूक आहे

माहेर लातूर
मग पाच तास उपाशी बसा.

शुद्ध शाकाहारी
आमचं काय? पनीर सांगू नका.

गोदाकाठ
भरीत. नुसतं वांगं ठेवलं तर साल धूर आत जाऊ देत नाही, वरवर वास येतो आणि सोलल्यावर तोही जातो. टोचे मारा, तेल लावा, २३० वर १५ मिनिटं. मऊ झालं की उभी चीर द्या, उघडा, आणि मग धुरी २० मिनिटं. मिरच्या भाजायच्या तर गाडीपासून लांब.

वायरमन
राहिलं होतं. छत्री, तंबू, गाडी, कशातच चालवायचं नाही. वीज असली तरी आत लाकूड धुमसतंय, विषारी कार्बन मोनॉक्साइड तोच. थंडीत ऊब म्हणून आत आणणारे बघितलेत. प्लग काढल्यावर पण तासभर निखारा राहतो, राख पत्र्याच्या डब्यात.
दुसरं, ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावाच. महिनाभर पडून राहिलेलं ग्रिल लावल्या लावल्या ट्रिप झालं तर बहुतेक वेळा कॉइलनं दमट हवा ओढलेली असते. दिवसभर कडक उन्हात उघडं ठेवा. तरी ट्रिप झालं तर कॉइल बदला, आरसीसीबी बायपास करू नका.

सौरअण्णा
गौताळा आणि जायकवाडी, दोन्ही अभयारण्यं आहेत. विजेचं आहे म्हणून वनरक्षकाशी हुज्जत घालू नका, धूर निघतोय म्हणजे आगच.

शुद्ध शाकाहारी
वेरूळला मंगळवारी जाऊ नका, लेणी बंद. अजिंठ्याची सोमवारी बंद.

बदनापूरकर
ह्यात हुरडा होतो का?

गोदाकाठ
होतो म्हणायला. कणसं झाकणाखाली भाजतात, पण दाणा सुकतो. आगटीत गरम राखेत कणीस स्वतःच्याच वाफेत शिजतं, ते इथं नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून २०० वर आठ मिनिटं, त्यातल्या त्यात बरं.

येसर-भाकर
फडकं जळंल की

गोदाकाठ
ओलं आहे हो. जाळीला चिकटू देऊ नका, खाली मक्याची पानं टाका.

बदनापूरकर
हुरड्याची गुळभेंडी ज्वारी आहे का कुणाकडं यंदा? सुरती नको.

उस्मानाबादी शेळी
आहे. आगटीवर या, ते यंत्र गाडीतच राहू द्या