मदत हवी आहे : खेळातील गुप्त विणकरविद्या गुप्त कशी ठेवावी?

इंदूरमध्ये आम्ही तिघे एक ऑनलाइन कल्पनारम्य खेळ तयार करीत असून, त्यात मंत्र विणणाऱ्या विणकराचा गुप्त व्यवसाय ठेवायचा आहे. कल्पना महेश्वरी साडीच्या बुगडी काठावरून सुचली. तो काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो. म्हणून खेळातले वस्त्र सुलट नेसल्यास रक्षण करते आणि उलटे पांघरल्यास अदृश्य करते.

पहिल्या चाचणीत हा व्यवसाय मिळवण्याचे सर्वांसाठी एकच सूत्र होते : मध्यरात्री घाटावरच्या हातमागावर रिकामा धोटा (आडवा धागा वाहून नेणारे साधन) सात वेळा फेकायचा. एकाला ते सापडताच दोन दिवसांत सर्वांना कळले. मग प्रत्येक खात्याची अट सोडतीने ठरवली, तेव्हा शोध नुसता नशिबाचा उरला आणि चिकाटीने धाग्यांचा अभ्यास करणारेच निराश झाले, हे मला अधिक खुपते. सूत्र सर्व्हरवरच असल्याने फाइल उघडून ते सापडत नाही. दरमहा नवे कोडे रचण्याइतके मनुष्यबळ मात्र आमच्याकडे नाही.

आता खेळाडूने आजवर वापरलेले रंग आणि मारलेल्या गाठी यांवरून त्याची स्वतःची अट ठरवावी, असा विचार आहे. तसे केल्यास, त्याला तर्काने उलगडतील पण दुसऱ्याच्या उपयोगी पडणार नाहीत अशा खुणा कोणत्या स्वरूपात द्याव्यात?