सॉमच्या खंदकातला तो फोटो: विश्रांती की प्रचार?

खंदकवाचक:
जुलै 1916, पहिल्या महायुद्धातली फ्रान्समधली सॉमची लढाई. ओविये-ला-ब्वासेलजवळ जर्मनांकडून घेतलेला खंदक आणि त्यात ब्रिटिशांच्या चेशायर रेजिमेंटच्या 11व्या बटालियनचे शिपाई. एकटा पहारा देतोय, बाकीचे जागा मिळेल तिथे अंग टाकून झोपलेत. फोटो गाजलेला आहे, बहुतेकांनी पाहिला असेल. माझ्या मते हा सरळ सरळ प्रचार. शिपायांना स्वतःचा कॅमेरा बाळगायला बंदी, फोटो काढणारा सरकारी, आणि वर सेन्सॉर. 1 जुलैच्या एका दिवसात 19,240 ब्रिटिश सैनिक मेले. ते कुठे दिसतात? दिसते ती जिंकलेल्या खंदकातली निवांत झोप.

तिरकसराव:
निवांत? अहो, असं वेडंवाकडं कलंडून कोणी निवांत झोपतं का! आणि झोप दिवसाउजेडी का, ते बघा. तारा बांधणं, खणणं, शिधा वाहणं ही सगळी कामं अंधारात. पहाटे आणि तिन्हीसांजेला हल्ल्याची भीती, म्हणून तेव्हा सगळेच बंदूक घेऊन उभे. उरली दुपार. सुखवस्तू सैन्य दाखवायचं असतं, तर चहा पिणारे हसरे चेहरे काय कमी होते?

शंकासुर:
मला पोझ वाटते. एक जागा, बाकी झोपलेले, अगदी नाटकातल्यासारखी मांडणी.

तिरकसराव:
बनवाबनवी व्हायची, मान्य. कॅनडाच्या सैन्याचा सरकारी छायाचित्रकार आयव्हर कॅसल याने 1916 मध्ये तिथल्या शिपायांची ‘चढाई’ प्रशिक्षण केंद्रात टिपली. ऑस्ट्रेलियाचा सरकारी छायाचित्रकार फ्रँक हर्ली याने वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून लढाईची दृश्यं रचली, त्यावरून 1917 मध्ये वादही झाला. पण दोन्हीकडे धुमश्चक्री हवी होती, कारण खऱ्या चढाईत कॅमेरा उभा करणं जिवावरचं. झोपलेल्या माणसासाठी एवढा खटाटोप कशाला?

आणि पहारेकऱ्याच्या पायाखालची जागा पाहिलीत का? उभं राहून गोळी झाडायची पायरी खंदकाच्या शत्रूकडच्या भिंतीत असते. हा खंदक मुळात जर्मनांचा, त्यामुळे त्यांची मागची भिंत यांची पुढची झाली. त्या मागच्या उतारातच यांनी घाईघाईने पायरी कोरलीय. म्हणजे आधी मारामारी, मग खणणं, मग झोप. कुदळीचे ते घाव मला कुठल्याही चेहऱ्यापेक्षा जास्त बोलके वाटतात.

शंकासुर:
हे लक्षात आलं नव्हतं. पोझचा मुद्दा मागे घेतो, निम्मा!

जुनीपाने:
तुम्ही दोघं झोपलेल्यांवरच अडकलात, मला तो जागा असलेला जास्त छळतो. पहाऱ्यावर डोळा लागला तर देहदंडाची शिक्षा होती. त्या युद्धात ब्रिटिश सैन्यात या गुन्ह्यासाठी 449 जणांना ती सुनावली गेली; प्रत्यक्षात गोळ्या घातल्या त्या दोघांना. बाकीच्यांची झोप त्याच्या जागरणावर, आणि तोही तितकाच दमलेला.

खंदकवाचक:
पायरीचं पटलं. पण सेन्सॉरने हाच फोटो का सोडला, हा प्रश्न तसाच आहे. तुम्हाला थकवा दिसतो, तेव्हा घरी बसलेल्या आईला मुलगा धडधाकट आहे एवढंच दिसलं असेल. मी ‘प्रचार’ हा शब्द मागे घेत नाही. ‘निवांत’ तेवढा खोडा.