अथेनाची पूजा होती म्हणजे बायकांना मान होता?

रानपाखरू: प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सबद्दल कालच्या चर्चेत एकाने ठासून लिहिलंय, 'ज्या शहराने अथेना देवीला डोक्यावर घेतलं, तिथे बाईला मान असणारच.' वाचून डोकं फिरलं. ग्रीक नाटककार एस्किलसचं इ.स.पू. ४५८ चं नाटक बघा. ओरेस्टीसने आईला मारलंय, अथेन्समध्ये खटला चाललाय. त्याच्या बाजूने अपोलो देव सांगतो, आई जन्मदाती नव्हेच, ती फक्त बीज सांभाळते. पुरावा म्हणून बोट दाखवतो अथेनाकडे, ही आईच्या पोटात वाढलीच नाही! आणि अथेना मत देते ओरेस्टीसलाच. खऱ्या अथेन्सच्या सभेत बाईला मतच नव्हतं. देवीचा मान देवीपुरता.

खडूफळा: अथेन्स म्हणजे ग्रीस नव्हे, किती वेळा सांगायचं? क्रीट बेटावरच्या गॉर्टिन शहराचा दगडात कोरलेला कायदा मुलीला मुलाच्या निम्मा वाटा देतो. स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक शहराची जवळजवळ पाचातली दोन हिस्से जमीन बायकांकडे, म्हणून तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल चिडतो. देव तेच, कायदे वेगळे. मग पुराणातून समाज कसा वाचणार?

सईची_आई: पर्सेफनीची कथा वाचा. देवांचा राजा झ्यूस परस्पर मुलगी पाताळाच्या हेडीसला देतो, आईला, पिकांच्या देवी डिमीटरला, पत्ताच नाही. अथेन्समध्येही लग्न बाप आणि जावई ठरवायचे. माझ्या आत्याचं असंच झालं. ओसरीवर याद्या झाल्या तेव्हा आजी आत पोहे परतत होती, तिला कुणी विचारलं नाही. मुलगी गेल्यावर डिमीटर पीक उगवू देत नाही, ते मला आतून कळतं.

पाटाचं_पाणी: माझंही लग्न घरच्यांनीच ठरवलं, संसार चांगला झाला. प्रत्येक बापाला झ्यूस करू नका.

सईची_आई: तुमचं चांगलं झालं म्हणून आत्याचं दुःख खोटं? ती कधी माहेरी राहायला आली नाही. तिला विचारलं असतं तर तिने नाही म्हटलं असतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

खडूफळा: आत्याच्या लग्नावरून ग्रीस कळत नाही!

सईची_आई: मग थेस्मोफोरिया घ्या. डिमीटरचा सण, पुरुषांना मज्जाव. खड्ड्यात टाकलेल्या डुकराच्या पिल्लांचे कुजलेले अवशेष बायका वर काढायच्या, ते बियाण्यात मिसळायचे. शहराचं पीक त्यांच्या हातात! रानपाखरू, 'देवीपुरता मान' हेही अर्धवट आहे.

रानपाखरू: सण संपला की परत घरात. याला मान म्हणायचं?

खडूफळा: बरं, सणाचं मान्य. कथेला प्रत्यक्ष विधीची जोड असेल तिथे ती पुरावा धरू. पण त्या एका नाटकावरून अख्ख्या ग्रीसचा निकाल लावायला माझा विरोध कायम.