जेंडर लॉ मध्ये शिकवायचं-लिहायचंय, यात आयुष्य निघतं का?

पाऊसवेडी:
एलएलबीचं शेवटचं वर्ष चालू आहे, पुण्यात. कोर्टात उभं राहण्यापेक्षा जजमेंट वाचायला आणि त्यावर लिहायला मला जास्त आवडतं, कलम ३७७ चा २०१८ चा निकाल (समलैंगिक संबंध गुन्हा नाही हा) वाचला तेव्हापासून मनात हेच आहे. बाबा म्हणतात नुसतं लिहून पोट भरत नाही, आधी वकिलीची सनद काढ. खरंच कोणी केलंय का हे?

नागपूरकर:
केलंय ना. वसुधा धागमवार बघ. मथुरा केस ऐकली असशील, १९७२, देसाईगंज पोलीस ठाणं, मथुरा नावाच्या मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप. आमच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं आणि १९७८ ला सुप्रीम कोर्टाने सोडून दिलं, का तर मुलीच्या अंगावर जखमेची खूण नाही. पुढच्या वर्षी कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, म्हणजे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि धागमवार यांनी, सरन्यायाधीशांनाच उघडं पत्र लिहिलं की बाई घाबरून गप्प राहिली म्हणजे ती तयार होती असं होत नाही. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. १९८० मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ ला कायदा बदलला. कोठडीत संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि तक्रार करणारी बाई कोर्टात म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्ट तेच धरून चालतं. धागमवारांनी पुढे १९८५ ला दिल्लीत मार्ग ही संस्था काढली, लोकांना कायदा समजावून सांगायचं काम.

जुनी_फाईल:
सगळं खरं, पण सनद काढच, बाबा चुकीचं सांगत नाहीत. फ्लेविया ॲग्नेस नवऱ्याची मारहाण सोसून बाहेर पडल्या, मग कायदा शिकल्या, मुंबईत बायकांना कायद्याची मदत करणारी मजलिस ही संस्था उभी केली आणि बायकांच्या केसेस लढता लढताच लिहीत राहिल्या. पोटगीच्या तारखेला बाई कडेवर पोर घेऊन दिवसभर बाकावर बसते आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन जाते, हे एकदा बघितलंस की तुझं लिखाण वेगळं होईल. दोनेक वर्षं फॅमिली कोर्टात काढ, मग एलएलएम (कायद्यातली मास्टर्स), नेट किंवा सेट (कॉलेजात शिकवायला लागणारी पात्रता परीक्षा), पीएचडी.

पाऊसवेडी:
संमतीचं ते १९८३ चं कलम, पुरावा कायद्याचं ११४ अ, आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलेलं, आता नव्या कायद्यात ते १२० झालंय, पण त्याच्यामागे पत्र होतं हे वर्गात कुणी बोललंच नाही. पत्र आजच शोधते. सेट एलएलएम चालू असताना देता येते का?

जुनी_फाईल:
शेवटच्या वर्षाला असताना देता येते.