रील करून दिली म्हणजे मदत झाली का?

नौपाड्याची रहिवासी:
ठाणे आणि नवी मुंबईतील खाद्यपदार्थांवर रील करणाऱ्या एका तरुणाची परवाची पोस्ट इथल्या बहुतेकांनी वाचली असेल. आपण तीन वर्षांत शंभरावर घरगुती उद्योगांना एक पैसाही न घेता रील करून दिल्या, तरीही ज्यांचा धंदा चालला नाही त्यांची कष्टाची तयारी नव्हती, आणि मराठी माणसाला मदत करून उपयोग नसतो, असे त्याने लिहिले आहे. त्या शंभरांपैकी एक माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत, म्हणून गप्प बसणे मला जमले नाही.

जाऊबाई आठ वर्षे उकडीचे मोदक करतात. दोन खोल्यांचे घर, मदतीला शेजारच्या दोघी, आणि दिवसाला तीनशे मोदक. ज्याने उकड कधी मळली आहे त्याला हा आकडा का वाढत नाही हे सांगावे लागणार नाही. उकड चटके सोसत गरम असतानाच मळावी लागते, थोडी निवली तरी पारीला चिरा जातात, कळ्या जुळत नाहीत आणि वाफेवर मोदक फुटतो, त्यामुळे पीठ आणि माणसे वाढवली म्हणून मोदक वाढतातच असे नाही. २०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी होती आणि रील आली मंगळवारी संध्याकाळी. बुधवारी दुपारपर्यंत त्यांच्या फोनवर अडीचशेवर मेसेज होते आणि गुरुवारी रात्री चौदाशे मोदकांचे पैसे जमा झालेले होते, कारण "रील बघून फोन केला" म्हणणाऱ्या परक्या माणसाला नाही कसे म्हणायचे हे त्यांना ठाऊक नव्हते आणि रील करणाऱ्यानेही ते सांगितले नव्हते. शुक्रवारी रात्री इमारतीतल्या सहा बायका मदतीला बसल्या. पहाटेपर्यंत सहाशे मोदक धड झाले, पाचशे चिरलेले निघाले आणि तीनशे झालेच नाहीत. सणाच्या सकाळी त्यांनी एकेका घरी फोन करून क्षमा मागितली, आठशे मोदकांचे अठ्ठावीस हजार रुपये भिशीचे पैसे उचलून परत केले, आणि त्या घरांमध्ये आठ वर्षांची जुनी गिऱ्हाइकेही होती. त्यानंतरच्या वर्षी त्यांनी चतुर्थीला ऑर्डर घेतल्या नाहीत.

त्या बाईंनी कष्टात कसूर केली असे कोणी म्हणू नये. दारात गर्दी आणून सोडणाऱ्याला मी मदत करणारा मानत नाही. ती गर्दी निभावायला जो सोबत बसतो, किमान आधी "दिवसाला किती जमतात?" एवढे विचारतो, त्याला मी मदत करणारा मानते.

कोपरखैरणेकर:
जाऊबाईंबद्दल वाईट वाटते, पण आपला निष्कर्ष मला पटत नाही. चौदाशे मोदकांचे पैसे कोणी त्यांच्या खात्यात बळजबरीने टाकले नव्हते. व्यवसाय करणाऱ्याला स्वतःची मर्यादा ठाऊक असली पाहिजे, आणि ती ओलांडल्याचा दोष रील करणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

माझ्या आईचे पोळीभाजी केंद्र आहे. मार्च २०२० मध्ये रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतले चाळीस डबे एका रात्रीत बंद झाले आणि घरात दुसरी मिळकत नव्हती. मी व्हॉट्सअॅप बिझनेसवर पदार्थांची यादी चढवली, आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या लोकांना क्रमांक जतन करायला सांगितले आणि रोज सकाळी आठ वाजता त्या दिवसाची भाजी कळवू लागलो. विलगीकरणात असलेल्या घरांच्या दाराशी डबे ठेवून आम्ही जून गाठला. पुढे इन्स्टाग्रामवर आईचा तव्यावर पोळी फुगतानाचा एक व्हिडिओ चालला आणि आज आमच्याकडे तीन बायका कामाला आहेत.

त्याआधी मी मुद्रा योजनेचे कर्ज मागायला बँकेत गेलो होतो. २०१५ पासून चालू असलेल्या त्या योजनेत शिशु गटाला पन्नास हजारांपर्यंत तारण लागत नाही, तरीही तीन खेपा घालून प्रत्येक वेळी मला जामीनदार आणायला सांगण्यात आले. समाजमाध्यमांनी मला जामीनदार मागितला नाही. ज्यांच्या घरी पगार येतो त्यांनी या माध्यमांना नावे ठेवणे सोपे आहे.

नौपाड्याची रहिवासी:
माझ्या घरी पगार येतो की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, आणि त्याचा इथे संबंधही नाही. आपल्या आईचे उदाहरण माझेच म्हणणे सिद्ध करते. त्यांना मदत केली ती आपण. यादी कोणी केली, डबे कोणी पोहोचवले, किती डबे घ्यायचे हे रोज रात्री कोणी ठरवले? माझ्या जाऊबाईंना तसा मुलगा नाही.

घोडबंदरवरून:
दोघांच्या बोलण्यातून एक गोष्ट सुटते आहे. पैसे न घेता म्हणजे काहीच न घेता, असे होत नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे फुकट मिळालेली वस्तूसुद्धा रीलमध्ये उघड करावी लागते, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तेच पुन्हा बजावले आहे. त्या तरुणाने मोदक नेले असतील तर तसे रीलवर लिहिले होते का, एवढाच माझा प्रश्न आहे.

नेरूळची मसालेवाली:
फुकटाचा विषय निघालाच आहे तर माझे दुःख सांगते, कारण मदतीच्या नावाखाली सर्वांत जास्त फुकट मागणारे रील करणारे नसतात, ते आपले नातेवाईक असतात.

मी गोडा मसाला करते. वाशीच्या मसाला बाजारातून माल आणते. दगडफुलातली साल आणि खडे वेचायला अर्ध्या किलोला एक तास जातो, धणे, तीळ, खोबरे, नागकेशर, शहाजिरे प्रत्येक जिन्नस वेगळा मंद आचेवर भाजावा लागतो, आणि मग डंकावर कुटताना समोर उभे राहावे लागते, नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाचे तिखट त्यात मिसळते. नऊशे रुपये किलो हा भाव मी रात्री जागून काढलेला आहे. घराण्याच्या व्हॉट्सअॅप गटावर तो टाकला की पहिला प्रश्न येतो, "घरच्यांना काय भाव?" गेल्या एप्रिलमध्ये नात्यातल्या एकीने दोन किलो नेला, बाराशे रुपये हातावर ठेवले आणि वर म्हणाली, "तुला मदत म्हणून घेते, नाहीतर माझ्याकडे आहे अजून." मला ते सहाशे रुपये कमी आल्याचे जेवढे लागले नाही तेवढा तो "मदत" शब्द लागला.

कळव्याचा वाचक:
ताई, कटू वाटेल, पण लिहितो. घराण्याच्या गटावर जाहिरात टाकायला आपल्याला कोणी सांगितले होते? लग्न, बारसे आणि दहावीचे निकाल कळवण्यासाठी केलेल्या गटात आपण दुकान मांडलेत, जागेचे भाडे दिले नाहीत, आणि आता तिथले लोक नातेवाइकांसारखे वागतात म्हणून रागावता आहात. नात्याच्या गटात दुकान मांडले तर लोक नात्यानेच वागणार. आमच्या गटावर साड्या, विमा, आवळा कँडी आणि जमिनीचे तुकडे विकणारे पाच नातेवाईक आहेत, आणि घेतले नाही की "आपल्या माणसाला कोणी पुढे येऊ देत नाही" हे ऐकावे लागते. ही सक्ती आहे आणि तिला मदतीचे नाव देऊ नये.

नेरूळची मसालेवाली:
मी कोणावर सक्ती केली हे दाखवून द्या. गटावर वर्षातून दोनदा लिहिते, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा दिवाळीआधी. ज्याला नको त्याने घेऊ नये, माझी तक्रार न घेणाऱ्यांबद्दल नाहीच. घेऊन भाव पाडणाऱ्यांबद्दल आहे. हीच माणसे मॉलमध्ये छापील किमतीला बरणी उचलतात आणि तिथे "घरच्यांना काय भाव" विचारत नाहीत. आपण धंदा केलेला दिसत नाही, नाहीतर असे लिहिले नसतेत.

कळव्याचा वाचक:
धंदा मी केला नाही, पण धंद्यात वाढलो आहे. कळव्यात वडिलांचे किराणा दुकान होते. ते २००९ मध्ये बंद केले तेव्हा उधारीच्या लाल वहीत एक लाख ऐंशी हजार येणे होते आणि त्यातली बहुतेक नावे नातेवाइकांची आणि चाळीतल्या शेजाऱ्यांची होती. वडील वसुलीला कोणाच्या दारी गेले नाहीत. ती वही अजून माझ्याकडे आहे, आणि वहीतल्या काही घरांमध्ये मी आजही हळदीकुंकवाला बायकोला पाठवतो.

म्हणून भावाबद्दल आपले म्हणणे मला मान्य करावे लागते, मनातून नको वाटत असले तरी. मात्र त्यातून मी उलट निष्कर्ष काढतो. नात्यावर उभा केलेला धंदा नाते खाते आणि नंतर स्वतःही बसतो. अनोळखी गिऱ्हाईक आधी पैसे भरते, सवलत मागताना मावशीची शपथ घालत नाही, आणि असे गिऱ्हाईक घरबसल्या बाईला आज समाजमाध्यमांवाचून कुठे मिळणार? वडिलांच्या काळी ही सोय असती तर ती लाल वही भरली नसती.

निवृत्त बँकवाला, वाशी:
अनोळखी गिऱ्हाईक आधी पैसे भरते हे खरे, पण ते दुसऱ्यांदा येईलच असे नाही, आणि घरगुती धंदा दुसऱ्या खेपेवर चालतो. चतुर्थीला नौपाड्यात काय झाले ते वर लिहिलेलेच आहे.

आधी कोपरखैरणेकरांना उत्तर देतो. तारण नको असलेल्या कर्जाला जामीनदार मागण्याची सवय आमच्या व्यवसायात आहे, आणि मी शाखेत असताना माझ्या हाताखालच्या माणसांना त्यापासून नेहमी रोखले असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. एवढे कबूल करतो.

आता मदतीबद्दल. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले तेव्हा गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका कामगारांना महिनाभर जेवू घालत आणि पगार होईपर्यंतचा किराणा वाण्याच्या किंवा सावकाराच्या उधारीवर आणत, त्यामुळे कमाई व्याजातच जाई. त्या बायकांच्या स्वयंपाकाची जाहिरात करायची गरज नव्हती, जेवणारे दारातच होते. अडचण भांडवलाची होती. मंडळाने त्यांचे गट केले, त्यांना बँकेपर्यंत नेले, आणि एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी जबाबदारी घ्यायची अशी पद्धत बसवली. पुढे आमच्या वाशीतही मंडळाचे केंद्र उभे राहिले. कोणाचे नेमके कुठे अडले आहे हे आधी पाहायचे आणि मग तिथे हात लावायचा, याला मी मदत म्हणतो. जाऊबाईंचे गिऱ्हाइकांवाचून अडलेलेच नव्हते.

आणखी एक. या माध्यमांवरची जागा आपली नसते. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि ज्यांचा सारा गिऱ्हाईकवर्ग तिथे होता त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी एकाचाही फोन क्रमांक नव्हता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सहा तासांच्या आसपास बंद होते, त्या रात्री ज्यांच्या ऑर्डर अडकल्या त्यांना हे चांगले आठवत असेल.

कोपरखैरणेकर:
त्या रात्री आमच्या अठरा ऑर्डर अडकल्या होत्या. तेव्हापासून आई एका वहीत सगळ्यांचे क्रमांक लिहून ठेवते, त्यामुळे हा मुद्दा मी नाकारत नाही. पण गिरणगावात जेवणारे दारात होते, आमच्या दारात २०२० मध्ये कोणी नव्हते. ज्याचे गिऱ्हाइकावाचून अडले आहे त्याला रील ही मदतच आहे. जाऊबाईंच्या बाबतीत ती चुकीच्या जागी झाली, एवढ्यापुरते मी मान्य करतो, त्यापुढे नाही.

रील करणारा:
सकाळपासून सगळे वाचतो आहे. मोदकांच्या रीलसाठी मी एकवीस मोदक घेतले होते आणि ते भेट म्हणून मिळाल्याचे रीलवर लिहिले नव्हते. लिहायला हवे होते, यापुढे लिहीन.

कोणती रील किती पसरेल हे माझ्या हातात नसते. मी केलेल्या बहुतेक रील हजारभर लोकही पाहत नाहीत, आणि ती मंगळवारची रील दोन दिवसांत चार लाखांवर जाईल हे मलाही ठाऊक नव्हते. नोकरी सांभाळून, ठाण्याहून बेलापूरपर्यंत स्वतःच्या पेट्रोलने जाऊन मी ही कामे करतो, आणि त्याचे श्रेय कोणी देत नाही याचा राग माझ्या पोस्टमध्ये उतरला. "कष्टाची तयारी नव्हती" हे वाक्य जाऊबाईंच्या बाबतीत खोटे आहे आणि ते मी मागे घेतो. सर्वांच्या बाबतीत मागे घेणार नाही, कारण रील झाल्यावर आठ-आठ दिवस मेसेजला उत्तर न देणारेही मी पाहिले आहेत.

दिवसाला किती जमते हे मी आता आधी विचारीन आणि तो आकडा रीलवरच लिहीन.

नौपाड्याची रहिवासी:
उत्तर न देणाऱ्यांमध्ये कोण उत्तर देण्याच्या स्थितीत होते, हेही विचारून पाहा. ती जुनी रील अजून आपल्या पानावर आहे आणि तिच्याखाली जाऊबाईंचा क्रमांक आहे. दर श्रावणात फोन सुरू होतात आणि त्या उचलत नाहीत. आज रात्रीपर्यंत तो काढावा.

रील करणारा:
क्रमांक काढला. त्याखालच्या नाराजीच्या कॉमेंट मी मुद्दाम पुसल्या नव्हत्या, कारण पुसल्या तर मी लपवतो असे लोक म्हणतील. आपण सांगाल तसे करतो.

नौपाड्याची रहिवासी:
जाऊबाईंना विचारून उद्या कळवते. त्यातल्या ज्यांचे पैसे परत केले आहेत त्यांची यादी त्यांच्याकडे आहे, ती खाली लावता येत असेल तर त्यांना ते अधिक आवडेल.