मदत हवी आहे: अल्टरनँथेराची लाली उतरतेय, खालची पानं गळतायत

६० लिटरच्या माशांच्या टाकीत अल्टरनँथेरा रेनेकी ही लाल पानांची पाणवनस्पती लावलीय. शेंडे अजून गुलाबी आहेत, पण मधली पानं तपकिरी-हिरवट पडतात, खालची विरघळून गळतात आणि दांड्या उघड्या पडतात. लागवडीनंतरचं मेल्टिंग (पाण्याबाहेर वाढलेली जुनी पानं टाकीत लावल्यावर विरघळतात ते) नाही हे. गळणारी पानं पाण्याखालीच फुटलेली आहेत.

तापमान २५ अंश, पीएच ७.२, नायट्रेट १० पीपीएमच्या आसपास, एलईडी रोज ७ तास. तळाला साधी वाळू, मुळांशी रूट टॅब (खताच्या गोळ्या). द्रवरूप खत आठवड्यातून एकदा, पाणी बदलताना. मासे फक्त निऑन टेट्रा, म्हणजे पानं कुरतडणारं कोणी नाही.

लोहाचा डोस वाढवून पाहिला, फरक नाही. प्रकाश वाढवला तर पानांच्या कडांवर शेवाळ धरलं, म्हणून पुन्हा कमी केला. झाडांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) द्यायला सिलिंडर सध्या शक्य नाही, तो वायू तयार करणारी यीस्ट-साखरेची बाटली चालेल. (रोटाला ही दुसरी पाणवनस्पती लाल करायला नायट्रेट कमी ठेवतात म्हणे, पण हिची पानं आधीच गळत असताना तसं करायला मन धजावत नाही.)

शेंडे छाटून नव्याने लावू, की उघड्या दांड्यांना खालून फुटवे येतील? आणि प्रकाश न वाढवता, नुसत्या बाटलीच्या सीओटूवर लाली परत येईल का, की पोटॅशियम कमी पडतंय?