दिहाडी न बुडवता मुलाचं समुपदेशन कसं होईल?

निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर
नमस्कार मंडळी. संध्याकाळी मी घरी परदेशीपुऱ्याकडच्या मुलांचा अभ्यास घेते. त्यात नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. त्याचे वडील बांधकामावरून पडून वारले. तेव्हापासून तो वही उघडून नुसता बसतो, शाळेच्या वेळी पोट दुखतं म्हणतो, रात्री अंथरूण ओलं करतो. शाळेत त्याला कामचोर म्हणतात, याचा मला फार त्रास होतो. आई चार घरी धुणीभांडी करते. एकदा सरकारी दवाखान्यात नेलं होतं. सगळा दिवस रांगेत गेला, पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. दोन घरच्या बायकांनी पैसे कापले, मग ती गेलीच नाही. तिला बेफिकीर म्हणणाऱ्यांनी तिचा महिन्याचा हिशोब बघावा. वस्तीत किंवा शाळेतच होईल असं काही आहे का? आणि तोवर मी काय करू?

वैद्यकीय समाजसेवक
ताई, आधी १४४१६ लावा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आई कामावरून आल्यावर रात्री बोलू शकेल. जवळ कुठे दाखवायचं तेही विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळांत तपासणीला येतं, पण त्याचा भर जन्मजात व्यंग, आजार, वाढीतला उशीर यांवर. बाप गेल्याचं दुःख त्या तपासणीत सापडेलच असं नाही. म्हणून पथकाची वाट बघत बसू नका.

वस्तीत काम करणारी
तुम्ही म्हणता तसं होऊ शकतं. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने दिल्लीच्या सरकारी शाळांत हेच केलं. डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक शाळेतच किशोरवयीन मुलांना भेटले, मोजक्या छोट्या बैठकांत. कुणाची मजुरी बुडली नाही. नऊ वर्षांच्या पोराला मात्र बोलतं करायला जाऊ नका. माती द्या, रंग द्या, शेजारी बसा. त्याने पडकी इमारत काढली तर ‘हे काय काढलंस’ इतकंच विचारा. अंथरुणावरून कुणी रागावू नये, चादर मुकाट्याने बदलावी. रोज त्याच वेळी त्याच जागी बसवा. अचानक बाप गेलेल्या मुलाला ठरलेल्या वेळेचा फार आधार वाटतो. वर्गशिक्षकांना तुम्हीच भेटा, शिक्षिकेचं शिक्षक ऐकतात. जेवण सोडलं किंवा मरायची भाषा केली तर थांबू नका, एमवाय या इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मनोरोग विभागात न्या. त्या दिवसाची मजुरी आपण कुणीतरी भरू.

निवृत्त शिक्षिका
मजुरी मी देईन, तो प्रश्न मिटला. आज रात्री तिच्यासोबत बसून फोन लावते. एकच विचारते, घरात त्याला बाबा गावी गेलेत असं सांगितलंय. खरं कुणी सांगायचं?

वस्तीत काम करणारी
आईनेच, सोप्या शब्दांत. मेले म्हणजे परत येणार नाहीत हे स्पष्ट सांगायचं. त्याला बहुतेक वस्तीत कळलेलंच असेल. तुम्ही तिच्या बाजूला बसा, तिलाही रडू येईल.